तापानंतरची चढाई

भरलेलं पटांगण, अंतिम सामना ऐन रंगात आलेला, आणि दवाखान्याच्या ढगळ झग्यावर दुसऱ्याच बाईची शाल पांघरलेली एक मुलगी सरळ मैदानात घुसली आणि तिनं आपल्याच संघाच्या चढाई करणारीला घट्ट मिठी मारली. नाशिकरोडच्या जुन्या खेळाडूंमध्ये ही गोष्ट अजून निघते. निघते ती सगळी चुकीची निघते. कुणी म्हणतं तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता. कुणी म्हणतं जळफळाट, दुसरं काय! अहो, ती मुलगी मी. त्यामुळे आता जरा गप्प बसून माझ्याकडून ऐका.

आमचं घर एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत. बाबा कोळसा खात्यात होते. कामावरून आले की त्यांचे फक्त डोळे आणि दात ओळखू यायचे. कॉलनीतल्या बुद्धविहारामागे मोकळी जागा होती, तिथं चुन्यानं आखलेलं मैदान आणि तिथंच आमचं मुलींचं कबड्डी मंडळ. सत्तरीचं दशक संपत आलेलं. मुलींनी हाफ पँट घालून सगळ्यांसमोर एकमेकींच्या तंगड्या ओढायच्या म्हटल्यावर कॉलनीत किती तोंडं वाकडी झाली असतील ते तुम्हीच समजा. आई मात्र पहिल्या दिवशीच म्हणाली, "खेळ. पण गुडघे फोडून रडत आलीस तर वरून माझ्याकडचे दोन खाशील." मी गुडघे फोडून आले, पण रडत आले नाही.

माझी सगळी ऐट माझ्या दमावर होती. चढाईला गेलं की एकाच श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात शिरायचं, हात मारायचे, आणि तो श्वास तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. मधेच दम तुटला की पंचाची शिट्टी, बाई बाद, चला बाहेर. माझा दम तुटतच नसे. समोरच्या मुली पकड करायच्या सोडून नुसत्या वाट बघत उभ्या राहायच्या की ही बया श्वास घेते कधी! आमचे सर बाबांच्याच खात्यातले, तरुणपणी स्वतः नावाजलेले गडी. ड्यूटी सुटली की हात-तोंड न धुता मैदानावर हजर. ते सगळ्यांना सांगायचे, "दम बघायचा तर हिचा बघा." मग मी काय, हवेतच.

दुसरी चढाई करणारी होती चांदवडकडची. कॉलनीत मामाकडे राहून शिकायची. तिची आई तिकडे कांद्याच्या खळ्यावर कामाला जायची. पोरीला सगळे 'चांदवडची'च म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणते. चपळ अशी की धरता म्हणून यायची नाही, आणि तोंडानं फटकळ. आमचं दोघींचं क्षणभर पटायचं नाही. मी गुण घेऊन आले की ती म्हणायची, "दम लय हाय, पाय कुठंय?" आणि ती गुण घेऊन आली की मी म्हणायचे, "पाय आहेत, अक्कल कुठाय?" सर दोघींना दोन टोकांना उभं करायचे.

त्या हिवाळ्यात कॉलनीत तापाची साथ आली. घराघरातून खोकला. सर्दी, घसा, अंगदुखी, चार दिवस गोधडी आणि मग बरं, अशी ती साथ. मलाही आली आणि गेली. निदान मला तरी वाटलं की गेली. मैदानावर परतले, पहिल्याच चढाईला मध्यरेषा ओलांडली, आणि समोरच्या कोपऱ्यात पोचायच्या आत माझा दम तुटला. माझा! शिट्टी वाजली तेव्हा मी मागे वळून बघितलं की कुणाची वाजली.

आता आमच्या मंडळात यावर एक ठरलेला उपाय होता. आमच्याच काय, तेव्हा सगळ्याच मंडळांत असावा. तापानंतर दम कमी पडला की समजायचं, ताप हाडात मुरलाय, तो घामावाटे काढायचा. स्वेटर घालायचा, वरून आणखी एक घालायचा, आणि गोदावरीकाठच्या वाळूत पळायचं. तेही नुसतं नाही, तोंडानं 'कबड्डी' चालू ठेवून. दम तुटला की पुन्हा पहिल्यापासून. सरांनी आपल्या काळात स्वतः तसंच केलेलं. त्यांच्या सरांनी त्यांना पळवलं, त्यांनी आम्हाला पळवलं, आणि आम्हाला त्याचा अभिमान! डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन पडून राहतात ते ऐदी, वाळूत पळतात ते खेळाडू, असा सगळा कारभार.

मी पळाले. छाती धाडधाड उडायची, उडू दे म्हटलं. आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून दोन उशा घेऊन निजायला लागले. पावलांवर सूज चढली, पट्टीची चप्पल आवळायला लागली. आई म्हणाली, "अगं, तुझा चेहरा बघ आरशात, पिठासारखा झालाय." मी म्हणाले, "घाम निघतोय ना, म्हणून." काय ती अक्कल! शेवटी एका संध्याकाळी वाळूत 'कबड्डी'तला 'क' तोंडात असतानाच मी खाली बसले ते उठलेच नाही. बाबांच्या खात्यातली जीप आली आणि मला थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि रागीट. माझी छाती तपासली, पाय दाबून बघितले, कार्डिओग्राम काढला, एक्स-रे काढला. मग पलंगाशी उभ्या राहून मला विचारलं, "गुडघा सुजला तर पळशील का?"

"नाही."

"मग हृदय सुजलेलं असताना कशी पळालीस?"

आई दचकलीच. बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. सर्दी-तापाचा जो विषाणू असतो, तो बहुतेकांच्या नाका-घशातच थांबतो आणि तिथूनच जातो. पण एखाद्याच्या बाबतीत तो हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो. स्नायूला सूज येते, हृदय थकतं, ढिलं पडतं. अशा वेळी त्याला विश्रांती हवी असते, आणि आम्ही त्याला दोन स्वेटर घालून वाळूत पळवलं. "आणखी थोडी पळाली असती तर तिला इथं आणायची वेळच आली नसती," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या माझ्यासमोर बोलल्या ते बरं केलं. आईसमोर बोलल्या ते वाईट केलं. आईनं माझा हात असा धरला की बांगडी माझ्या मनगटात रुतली.

मग सुरू झालं पडून राहणं. मीठ बंद. जिना बंद. हसणंसुद्धा बेतानं. "हिला उत्तेजित होऊ द्यायचं नाही," असं बाई सिस्टरना सांगायच्या. मला! जिला भाजीवाल्याशी भाव करतानाही स्फुरण चढतं, तिला! शेजारच्या पलंगावर वणीच्या एक काकू होत्या, दम्याच्या त्रासानं आलेल्या. त्या म्हणायच्या, "पोरी, तू झोपेत बी लाथा झाडती. तुला शांत कोन ठेवणार?"

पडून राहिल्यानं मी हळूहळू सुधारत होते. पायांची सूज उतरली, एका उशीवर आले. पण कॉलनीत भलतंच पसरलं. सर भेटायला आले, पिशवीत मोसंबी, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी, आणि बोलले काय तर, "हृदय मुळातच नाजूक असणार गं तुझं. आम्हाला कसं कळणार?" म्हणजे झालं! सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की दोष माझ्या हृदयाचा. वाळूचा नाही, स्वेटरचा नाही. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. "चांगल्या धडधाकट पोरीला आता जन्माची रोगी म्हणायला लागले! उद्या स्थळं कोण आणील?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिनं चार घरी सांगितलं, पण ऐकून घेतं कोण? माझ्यानंतरही जिला ताप आला तिला मंडळ वाळूत पळवतच होतं.

आणि अशात जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या. आल्या त्या कुठं, तर दवाखान्याच्या मागच्या रस्त्यापलीकडच्या शाळेच्या पटांगणात! माझ्या खिडकीतून पटांगण दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. लाउडस्पीकर, शिट्ट्या, आरडाओरडा. सकाळी आमचा उपांत्य सामना होता. स्पीकरवरून 'एकलहरे' असं नाव आलं की मी उशीवर मूठ मारायचे, आणि वणीच्या काकू कबड्डीतलं ओ की ठो कळत नसताना विचारायच्या, "आपलं का त्याहिचं?" आपलं म्हटलं की टाळी. सगळा वॉर्ड गुंतला. सिस्टर सलाइन लावता लावता म्हणाल्या, "लोण झाला वाटतं, सगळा संघ बाद!" आम्ही जिंकलो. अंतिम सामना संध्याकाळी. मी आनंदानं अशी काही उसळले की सिस्टरनी येऊन नाडी बघितली आणि मला दम भरला.

दुपारी आमच्या संघातली एक मैत्रीण धावत वर आली. गुडघ्यावर माती, हातात भेळेचा कागद.

"चांदवडचीनं मैदान मारलं गं! पण शेवटी शेवटी दोनदा दम तुटला तिचा, कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. परवापर्यंत तापात होती ना."

"कोण तापात होती?"

"चांदवडची. खोकला, सर्दी, सगळं. उठली आणि आली. सरांनी काल तिला वाळूत पळवलं. म्हणाले, सामन्यापर्यंत दम परत येतो की नाही बघा."

मी उठून बसले. "छातीत काही होतंय का तिला?"

"म्हणत होती, दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणून. तिचं काय, सदा कुरकुर."

ताप. वाळू. कोपऱ्यात पोचायच्या आत तुटलेला दम. छातीवर दगड. एकेक गोष्ट माझ्याच अंगावरून गेलेली. मी मैत्रिणीचा हात धरून सांगितलं, तिला खेळू देऊ नको, सरांना सांग, तिला आधी इथं आण, कार्डिओग्राम काढू दे. सांगता सांगता माझा आवाज चढला. मैत्रिणीनं माझ्याकडे एका विशिष्ट नजरेनं बघितलं. ती नजर मला आजही आठवते आणि आजही डोक्यात जाते.

"तुझी जागा तिला मिळाली म्हणून का गं?"

हो, वाटत होतं मला वाईट! माझ्या जागेवर ती चढाया करत होती, तिच्या नावानं टाळ्या पडत होत्या, आणि मी बिनमिठाची खिचडी खात होते. कुणाला नसतं वाईट वाटलं? पण म्हणून मी तिच्या मरणाची थाप मारीन? मी म्हणाले, "तू फक्त सरांना सांग." ती गेली. अर्ध्या तासानं आमच्या मंडळाचा एक जण खालच्या वॉचमनकडे निरोप ठेवून गेला. सर म्हणाले, आराम कर, संघाची काळजी करू नको.

मी सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यात, संध्याकाळी येतील, आल्या की सांगू. आई डबा आणायला एकलहऱ्याला गेलेली. आणि तेवढ्यात स्पीकर खरखरला आणि अंतिम सामन्याचे संघ मैदानात बोलावले.

"काकू," मी म्हणाले, "मला जायचंय."

वणीच्या काकूंनी सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं, ओरडतील. त्या उठून बसल्या, आपली शाल काढून माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "जा. पर पळू नको. पळालीस तं तूच मरशील, मंग त्या पोरीला कोन सांगल?" आणि माझ्या पलंगावर माझी आणि त्यांची अशा दोन उशा आडव्या ठेवून त्यांनी वरून चादर ओढली. नंतर कळलं की सिस्टरनी विचारल्यावर काकूच म्हणाल्या, निजलीय, उठवू नका.

आता तुम्हीच विचार करा. आग लागल्यासारखं पोचायचंय, आणि पळायचं नाही! भराभर चालायचंसुद्धा नाही. जिना उतरताना मी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवले. मागच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा स्पीकरवर आमचे दोन गुण झाले. एक टांगा रस्ता अडवून उभा, त्याला वळसा घालून जायला जीव नुसता तुटत होता. नव्या नवरीसारखी मी एकेक पाऊल टाकत होते आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या घालत होते. पटांगणाच्या भिंतीशी पोचले तर आतून गर्जना, "चांदवड! चांदवड!" म्हणजे ती चढाईला निघाली. गर्दीत पाठच पाठ. मी ओरडले, "सरका! पेशंट आहे!" हा शब्द मात्र कामाला आला. झगा बघून माणसं चटचट बाजूला झाली.

मैदानात ती होती. समोरच्या अंगणात, कमरेत वाकलेली, तोंडानं कबड्डी चालू. घामानं निथळत होती आणि ओठ मला निळे दिसले. दिसले म्हणजे दिसले, संध्याकाळचं ऊन होतं की काय ते मला माहीत नाही. चारी बाजूंनी मुली तिला घेरत होत्या. ही आता झेप घेणार, त्या हिच्या अंगावर पडणार, आणि खाली हिचं हृदय. मी चुन्याची रेघ ओलांडली. पंचाची शिट्टी वाजली, कुणीतरी "ए, ए!" केलं, आणि मी जाऊन तिला मागून मिठी मारली.

तिचा दम तुटला. अर्थातच तुटला, दचकूनच! "कोन हाय?" म्हणत ती वळली आणि मला बघून तिचे डोळे पांढरे झाले. "तू? येडी झाली का गं तू? सोड मला!"

"नाही सोडणार."

"सामना चालू हाय!"

"चालू दे. तू दवाखान्यात चल."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! समोरचा संघ पंचांकडे धावला. सर आत आले, त्यांचा चेहरा लालभडक. ते मला इतकंच म्हणाले, "काय केलंस हे?" गर्दीतून कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी "वेडी! वेडी!" केलं. पंचांनी आमच्याच मंडळाची मुलगी घुसली म्हणून तिची चढाई बाद धरली. आणि एवढं चालून मला उभं राहवेना. मी तिचा हात धरूनच खाली बसले. मला उचलायला माणसं आली, पण माझी मूठ काही सुटेना. मला न्यायचं तर तिलाही न्यावंच लागत होतं. आमचे सर वाकून माझी बोटं एकेक करून सोडवू लागले. मी म्हणाले, "सर, मोडा बोटं. सोडणार नाही." ते थांबले. अशी आमची वरात दवाखान्यात गेली, मी स्ट्रेचरवर आणि चांदवडची शेजारून माझ्या नावानं खडे फोडत. मागे सामना पुन्हा सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आली.

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आधी त्यांनी मला अशी काही झापली की खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं असेल. मग माझा कार्डिओग्राम काढला. आणखी बिघडलेलं काही नव्हतं. मी म्हणाले, "माझं राहू दे, तिचं बघा." त्यांनी तिला तपासलं, ताप कधी, खोकला कधी, सगळं विचारलं, पाय दाबले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. तिचा कार्डिओग्राम काढला. एक्स-रेला पाठवलं. तोवर सर, मैत्रीण आणि निम्मा संघ दाराशी येऊन उभा होता. त्यांचे चेहरे बघूनच मला कळलं की सामना गेला. एका गुणानं गेला.

बाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मी माझा श्वास धरून ठेवला. तेवढ्यापुरता माझा जुना दम परत आला असावा.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "हिचं हृदय ठणठणीत आहे. खोकून खोकून छातीचे स्नायू दुखतायत. अशक्तपणा आहे."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मैत्रिणीच्या ओठावर ते येऊन बसलंच होतं, बघा, सांगितलं नव्हतं? सर हळूच म्हणाले, "म्हणजे उगाचच. तिचं तर काही निघालं नाही."

"निघायची वाट बघायची होती का?" बाई त्यांच्याकडे वळल्या. "ताप जाऊन दोन दिवस नाही झाले आणि तुम्ही हिला वाळूत पळवता! त्या दुसरीचं निघालं ते विसरलात? नाजूक हृदय म्हणे! ताप यायच्या आधी तुमच्या सगळ्यांच्यात तिचाच दम मोठा होता, तुम्हीच सांगितलं मला. कोणाचं काय निघेल ते तुम्हाला कळत नाही आणि मलाही कळत नाही. म्हणून तापानंतर कोणालाच पळवायचं नाही. कळलं?"

सर टोपी हातात फिरवत उभे राहिले, मग निघून गेले. पण त्यानंतर आमच्या मंडळात तापातून उठलेल्या पोरीला वाळूवर कुणी नेलं नाही. ते स्वतः म्हणायचे, घरी बस, डॉक्टरची चिठ्ठी आण. चिडून म्हणायचे, पण म्हणायचे.

आणि माझं म्हणाल तर, लाज वाटायला पाहिजे होती ना मला? सगळ्या जिल्ह्यासमोर तमाशा, संघ हरलेला, आणि शेवटी काही नाही! पण खरं सांगते, 'ठणठणीत' हा शब्द ऐकला आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी हसत सुटले. सिस्टर म्हणाल्या, पुरे, पुरे. मला आवरेना. मी काय बोलू, किती हसले! वणीच्या काकूंनीही काही न विचारता टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी चांदवडचीची आई आली, गावाहून पहिल्या एसटीनं. पोर सामना सोडून दवाखान्यात गेली एवढंच कुणीतरी कळवलेलं, त्यामुळे बिचारीच्या तोंडचं पाणी पळालेलं. पोरीला डोळ्यांनी बघितल्यावर ती माझ्या पलंगाशी आली. हात कांद्याच्या पाल्यानं काळे पडलेले. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "हरली तं हरली. चालत आली ना माझ्यापुढं." आणि माझ्या आईच्या शेजारी खाली बसली.

पोरगी मात्र ऐकते कुठं? रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेला ती यायची, आणि यायची ती भांडायला. डॉक्टरीणबाईंनी तिलाही खेळ बंद केला होता, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ. माझ्या पलंगाच्या कडेला बसून सुरुवात करायची. तुझ्यामुळं करंडक गेला, तुझ्यामुळं माझं नाव जिल्ह्याच्या यादीतून गेलं, ती चढाई माझीच होती, दोघी बाद करून आले असते, तुला कोनी सांगितलं हुतं मधी तडफडायला. वॉर्डातल्या बायका भाकऱ्या सोडून ऐकायच्या. मी एक शब्द उलट बोलायचे नाही. माझ्यासारखी बाई एक शब्द बोलत नाही म्हटल्यावर ती आणखीनच पेटायची.

एकदा तर अशी तापली की मी तिचं मनगट हातात घेतलं. तिला वाटलं, मी माफी मागतेय. ती म्हणाली, "आता हात धरून काय उपेग?" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवून नाडी बघत होते. ती भांडत होती, आणि नाडी छान चालली होती.